सुपडू विहिरीवर हवेत कसा थांबतो: कार्टूनचं भौतिकशास्त्र, फ्रेमच्या हिशेबात

कार्टूनमधला माणूस धावत सुटतो, विहिरीचा काठ ओलांडतो, खाली जमीन नसताना चार-सहा पावलं हवेत टाकतो, थांबतो, खाली बघतो आणि मगच पडतो. बघणारा हमखास हसतो. तेच दृश्य स्वतः काढायला घेतलं की मात्र माणूस नुसता तरंगत राहतो आणि हसू काही येत नाही. दोष बहुतेक वेळा त्या तरंगण्यात नसतो, तो आधीच्या धावण्यात आणि नंतरच्या पडण्यात असतो. धावताना त्याच्या पायाखाली जमीन आहे असं वाटलंच नाही, तर जमीन गेल्याचं कुणाला काय कळणार?

म्हणून या कामाचा एकच मोठा नियम आहे. निसर्गाचा कायदा एकाच जागी मोडायचा आणि बाकी सगळीकडे तो खऱ्या जगापेक्षाही काटेकोर पाळायचा. खालची सगळी मापं त्यासाठीच आहेत.

उदाहरणाला एक छोटी फिल्म घेऊ. रावेर-यावल पट्ट्यातली केळीची बाग, उन्हाळ्याचे दिवस. सुपडू बागवाला: पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं, हातात काठी. एक वांदर केळीची फणी घेऊन पळतं आणि सुपडू त्याच्या मागे. वाटेत पऱ्हाट्यांचा कुड (कपाशीच्या वाळल्या काड्यांची भिंत), सोललेल्या केळाची साल आणि शेवटी कठडा नसलेली कोरडी विहीर. कार्टूनचे जवळपास सगळे नियम एवढ्या वाटेवर भेटतात.

आधी खरं पडणं मोजून घ्या

सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं धरा. सॉफ्टवेअर क्रिता, ओपनटून्झ किंवा ब्लेंडर, यातलं काहीही चालेल. तिन्ही फुकट मिळतात. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये १२ फ्रेम ठेवल्या तर खालच्या सगळ्या फ्रेमसंख्या निम्म्या कराव्या लागतील. पण मग चार फ्रेमचं पडणं दोन फ्रेमचं होतं आणि बारीक फेरफाराला जागाच उरत नाही. शक्यतो २४ वरच काम करा.

आता मोजमाप ठरवा. सुपडू १६० सेंटिमीटर उंच आणि पडद्यावर ३२० पिक्सेल, म्हणजे १ मीटरला २०० पिक्सेल. पृथ्वीच्या ओढीने सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते, म्हणजे आपल्या पडद्यावर ९८० पिक्सेल. मधला प्रवास असा होतो: चौथ्या फ्रेमला २७ पिक्सेल, आठव्याला १०९, बाराव्याला २४५, सोळाव्याला ४३६, विसाव्याला ६८१ आणि चोविसाव्याला ९८०. दर चार फ्रेमच्या टप्प्यात कापलेलं अंतर १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढत जातं. हे विषम आकडे पाठ करून ठेवा. कोणतीही वस्तू हातातून सुटली की अंतरं याच प्रमाणात ठेवायची, मोजायला आकडेमोड लागत नाही.

पृथ्वी वस्तूंना स्वतःकडे ओढते हे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणी’त लिहून ठेवलं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. ही ओढ किती हे कळलं, की ती कुठे आणि किती वेळ बाजूला ठेवायची ते ठरवता येतं.

एक साधा सराव करा. एक गोळा २४५ पिक्सेल उंचीवरून सोडा. खाली यायला त्याला १२ फ्रेम लागतील. उसळी ६० टक्के धरली तर तो १४७ पिक्सेलपर्यंत वर जाईल आणि त्याला वर जायला ९, खाली यायला ९ फ्रेम लागतील. पुढची उसळी ८८ पिक्सेलची, ७ फ्रेम वर आणि ७ खाली. उंची ६० टक्क्यांवर येते तेव्हा वेळ ७७ टक्क्यांवर येतो, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळावर चालतो. नवखे हमखास इथेच चुकतात: उंची कमी करतात आणि फ्रेम तेवढ्याच ठेवतात. मग गोळा दर उसळीला जास्त हलका वाटू लागतो. हा गोळा बरोबर उसळल्याशिवाय सुपडूला हात लावू नका.

विहिरीचा शॉट

हवेत थांबण्याच्या नियमाला शब्दरूप दिलं अमेरिकन विनोदी लेखक मार्क ओ’डॉनेल यांनी. १९८० साली ‘एस्क्वायर’ मासिकात त्यांनी कार्टूनमधल्या हालचालींचे नियम मांडले. त्यातल्या पहिल्याचा आशय असा: अधांतरी असलेलं शरीर आपल्या स्थितीची जाणीव होईपर्यंत अधांतरीच राहतं. जाणीव हा शब्द धरून ठेवा. सुपडू पडतो ते त्याला कळलं म्हणून. त्यामुळे या शॉटमध्ये पडण्यापेक्षा कळणं जास्त काळजीने काढावं लागतं.

कॅमेरा बाजूने आणि स्थिर ठेवा. १९२० पिक्सेल रुंद चित्रात विहिरीचा काठ डावीकडून ७०० वर आणि पलीकडचा काठ १९०० वर, म्हणजे विहीर सहा मीटर रुंद, साधारण वीस फूट. काठाखाली विहिरीची दगडी बांधणी आणि मोकळी पोकळी प्रेक्षकाला आधीपासून दिसली पाहिजे. धोका प्रेक्षकाला ठाऊक आणि सुपडूला नाही, ही तफावत हीच विनोदाची भांडवली रक्कम आहे. कॅमेरा आयत्या वेळी खाली वळवून विहीर दाखवली तर प्रेक्षकही सुपडूबरोबरच दचकतो आणि तफावत संपते.

जमिनीवरचं धावणं: एका पावलाला ४ फ्रेम, दोन पावलांचं चक्र ८ फ्रेमचं. पुढे सरकणं फ्रेमला ४० पिक्सेल. टेकलेला पाय जमिनीवरून घसरता कामा नये. शरीर ४० पिक्सेल पुढे गेलं की टेकलेलं पाऊल शरीराच्या हिशेबाने बरोबर ४० पिक्सेल मागे जायला हवं. कंबर दर पावलाला १२ पिक्सेल वरखाली होते, पाय टेकल्यावर सगळ्यात खाली आणि दोन्ही पाय सुटल्यावर सगळ्यात वर.

काठ ओलांडल्यावर यातलं काहीही बदलायचं नाही. तेच चक्र, तोच वेग, कंबरेचं तेच वरखाली. जमिनीचा धक्काच नसताना कंबर वरखाली होते, आणि त्यावरूनच सुपडूला अजून पायाखाली जमीन आहे असं वाटतंय हे दिसतं. काठापासून पहिली फ्रेम मोजली तर वेळापत्रक असं:

फ्रेम १ ते १२: हवेत धावणं, एकूण ४८० पिक्सेल.
१३ ते १७: वेग उतरतो. सरकणं ३०, २०, १२, ६, २. पाय मंदावतात, कंबरेचं वरखाली बंद.
१८ ते २९: थांबून समोर बघतो. वांदर पलीकडच्या काठावर बसून केळ सोलतंय.
३० ते ३५: उजव्या पायाचा अंगठा खाली चाचपतो. काही लागत नाही.
३६ ते ४१: नजर खाली. आधी दोन फ्रेम फक्त बुबुळं, मग चार फ्रेम मान.
४२ ते ५७: तसाच. एक पापणी, एक आवंढा.
५८ ते ६३: मान आपल्याकडे वळते.
६४ ते ७५: सुपडू म्हणतो, “आते?” (आता?) शेवटच्या तीन फ्रेमला खांदे १२ पिक्सेल वर.
७६ ते ७९: पडणं.

एकूण ७९ फ्रेम, सव्वातीन सेकंद. फिल्ममध्ये हा प्रकार पहिल्यांदा येत असेल तेव्हा एवढा वेळ द्या. दुसऱ्यांदा आला तर ३० ते ६३ गाळून साधारण निम्म्या वेळात आटपा. तिसऱ्यांदा त्याने खाली बघता क्षणी पडावं, किंवा बघायलाच नकार द्यावा आणि न बघता सरळ पलीकडे जावं. जाणिवेचा नियम पाळूनच ही नवी गंमत निघते, म्हणून ती पटते.

‘तसाच’ म्हणजे एकच चित्र सोळा फ्रेम ठेवणं नव्हे. तसं केलं तर व्हिडिओ अडकल्यासारखा वाटतो. शरीर दोन-तीन पिक्सेल खचू द्या, उपरण्याचं टोक थोडं हलू द्या. पापणी मिटायला दोन फ्रेम, मिटलेली दोन, उघडायला तीन. आवंढ्याला पाच फ्रेम पुरतात.

आता पडणं. खऱ्या हिशेबाने चार फ्रेममध्ये २७ पिक्सेल होतात. इथे पहिल्या फ्रेमला ६०, दुसऱ्याला एकूण २६०, तिसऱ्याला ६८० आणि चौथ्याला चित्राबाहेर. हवेत फुकट मिळालेला वेळ पृथ्वी व्याजासकट वसूल करते, असं बघणाऱ्याला वाटलं पाहिजे. सुरुवात हळू केली की सगळं फुकट जातं. सॉफ्टवेअर दोन चित्रांमधली जागा आपोआप भरत असेल तर ते सुरुवात आणि शेवट हमखास मऊ करतं. या चार फ्रेमपुरती ती सोय बंद करा आणि चित्रं हाताने काढा.

दोन फ्रेममधलं अंतर पात्राच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त झालं की डोळ्याला एक सरकणारा माणूस दिसत नाही, दोन वेगळी माणसं दिसतात. सुपडू ११० पिक्सेल रुंद आहे आणि दुसऱ्या फ्रेमला तो २०० पिक्सेल उडी घेतो, म्हणून तिथे एक ताणलेलं चित्र लागतं: डोकं जुन्या जागेजवळ, पाय नव्या जागेवर, मधलं अंग ओढलेल्या रंगाच्या पट्ट्यांचं. असं चित्र एकच फ्रेम ठेवा, फार तर दोन. तीन फ्रेम झाली की ते चित्र म्हणून वाचलं जातं आणि चुकलेलं वाटतं.

अंगाचे भाग वेगवेगळ्या वेळी पाडणं हा याचाच पुढचा टप्पा. तो घेतलात तर पडणं ७९ च्या पुढे लांबतं. पाय ७६ ला सुटतात, पोट ७८ ला, मान ८२ पर्यंत लांबत जाते, डोकं ८४ ला निघून जातं आणि टोपी ९४ पर्यंत एकटीच हवेत. ज्याला उशिरा कळतं तो भाग उशिरा पडतो. टोपी हलकी असल्यामुळे हवा तिला अडवते. ती डावी-उजवीकडे झोके घेत खाली जाईल, एका झोक्याला ८ ते १० फ्रेम, आणि मार्ग कमानीसारखा वाकडा. टोपीही दगडासारखी सरळ पाडली तर आधीच्या वेगवान पडण्याचं वजन कमी होतं, कारण तुलनेला समोर हलकं काहीच उरत नाही.

पुढचा शॉट विहिरीवरून खाली बघणारा. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा दिसतो, म्हणून दर तीन फ्रेमला आकार निम्मा करा: ३२०, १६०, ८०, ४०, २०, मग नाहीसा. त्यानंतर १८ फ्रेम काहीच नाही. मग आवाज आणि धुळीचं बारीक कडं, १० पिक्सेलवरून ८ फ्रेममध्ये ६० पर्यंत पसरणारं. वीस मीटर खोल विहिरीत खरं पडणं सुमारे दोन सेकंदांचं, ४८ फ्रेमचं असतं. आपलं ३० फ्रेममध्ये होतं. आवाजाला वर यायला खऱ्या जगात दीड फ्रेमही लागत नाही. त्या १८ फ्रेमच्या शांततेला निसर्गाचा काही आधार नाही. बघणाऱ्याने मनातल्या मनात खोली मोजावी, म्हणून ती ठेवायची.

ताणलं की बारीक, दाबलं की रुंद

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली अ‍ॅनिमेशनची बारा तत्त्वं मांडली, त्यात दाबणं-ताणणं पहिलं आहे. खान्देशात हे घरात रोज बघता येतं. खापरावरचा मांडा हातांवर फिरवत मोठा केला जातो तसा तो पातळ होत जातो. पीठ तेवढंच राहतं. चित्रातल्या शरीराचंही तसंच.

कागदावरच्या चित्रात उंची दीडपट केली तर रुंदी ०.६७ पट करा. उंची निम्मी केली तर रुंदी दुप्पट. ब्लेंडरसारख्या त्रिमितीत हिशेब वेगळा, कारण तिथे दोन बाजू घटतात-वाढतात: उंची दीडपट तर उरलेल्या दोन्ही बाजू ०.८२ पट, उंची निम्मी तर दोन्ही १.४१ पट. कागदावरचे आकडे त्रिमितीत घातले की शरीर दर उसळीला फुगतं किंवा आटतं आणि रबरापेक्षा फुग्याचा भास होतो.

किती दाबायचं हे पात्राच्या स्वभावावर. सुपडूसाठी साध्या उडीला उंची ९० टक्क्यांवर, जोरात आपटताना ६० टक्क्यांवर. कवटी सहसा दाबू नका. गाल, पोट, मिशा दाबा. हाडांचा अंदाज राहिला तर मऊपणा उठून दिसतो.

क्रम फार महत्त्वाचा. टेकण्याच्या आधीच्या फ्रेमला शरीर सगळ्यात लांब. टेकलेल्या फ्रेमला अजून लांबच, फक्त खालचं टोक जमिनीला लागलेलं. दाबलेलं चित्र त्याच्या पुढच्या फ्रेमला, आणि ते दोन फ्रेम ठेवायचं. पुष्कळ जण जमीन लागण्याआधीच दाबायला सुरुवात करतात. मग हवेनेच शरीर दाबलं असं दिसतं आणि आपटण्याचा जोर नाहीसा होतो. जमीन लागलेली फ्रेम वगळली तरी तोटा होतो: वस्तू जमिनीला कधी भेटलीच नाही असं वाटत राहतं.

जडपणा पडताना दिसत नाही, आपटल्यावर दिसतो

हवेचा अडथळा सोडला तर जड आणि हलकं एकाच वेगाने पडतं. म्हणून जड वस्तू जोरात पाडून ती जड वाटत नाही. तिचं वजन दाखवायच्या जागा दोनच: उचलताना आणि आपटल्यानंतर.

अमेरिकन कार्टूनमध्ये डोक्यावर ऐरण पडते, कारण त्या काळी ती सगळ्यांच्या ओळखीची जड वस्तू होती. खान्देशातल्या बघणाऱ्यासाठी जात्याचा वरचा दगड, पाटा किंवा भरलेला गॅस सिलिंडर घ्या. ज्याचं ओझं लोकांनी स्वतःच्या हाताने अनुभवलं आहे, त्याचं वजन निम्मं आधीच पटलेलं असतं.

वांदर झाडावरून जात्याचा दगड लोटतं असं समजा. आधी १० फ्रेम सुपडूभोवती सावली मोठी होत जाते. ४ फ्रेम तो वर बघतो. दगड चित्रात शिरल्यापासून ३ फ्रेममध्ये आपटतो. दगड दाबायचा किंवा ताणायचा अजिबात नाही. पडताना तो फिरवूही नका, फार तर पाच-सात अंश. उसळी एकच, ४ पिक्सेलची, दोन फ्रेममध्ये संपणारी. कॅमेऱ्याचा हादरा उभ्या दिशेने: ८ पिक्सेल खाली, ६ वर, ४ खाली, २ वर, प्रत्येक एका फ्रेमला. शेजारची बादली दोन-तीन फ्रेम उशिरा उडते, त्यापलीकडची घागर अजून दोन फ्रेमने. हा उशीर ठेवलात तर धक्का जमिनीतून जाताना दिसतो. सगळं एकदम उडवलं तर फक्त कॅमेरा हलला असं वाटतं.

खाली चपटा झालेला सुपडू उंचीच्या १५ टक्क्यांवर आणा, पण रुंदी अडीचपटीच्या वर नेऊ नका. हिशेबाने ती साडेसहापटीच्या पुढे जायला हवी, तेवढी केली तर ओळख पटत नाही. आकारमानाचा नियम इथे मुद्दाम सोडतो आणि तो फक्त या चपट्या चित्रापुरता. २० फ्रेम धरा. परत उभा राहताना १३० टक्के, मग ८५, १०५ आणि १००, प्रत्येक दोन-दोन फ्रेम.

केळीची साल

जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा खान्देशातल्या कार्टूनमध्ये साल नसून चालायचं नाही. सालीवरून घसरणं खरंच घडतं. जपानच्या कितासातो विद्यापीठातले कियोशी माबुची आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं आणि २०१४ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळवलं. लिनोलियमच्या फरशीवर बुटाचा घर्षणांक साधारण ०.४ असतो, मध्ये केळाची साल आली की तो ०.०७ च्या आसपास येतो. सालीच्या आतल्या बाजूच्या सूक्ष्म पिशव्या दाबाने फुटतात आणि त्यातला बुळबुळीत द्रव वंगणाचं काम करतो.

यातून दोन गोष्टी थेट कामाला येतात. साल काढताना आतली पांढरी बाजू जमिनीकडे ठेवा. आणि घसरणं वजन पडल्यावर सुरू होतं, पाय लागताक्षणी नाही. पाऊल सालीवर टेकतं, दोन फ्रेम वजन येतं, मग पाय पुढे पळतो: पहिल्या फ्रेमला ३० पिक्सेल, मग ७०, मग १४०.

बेंबीपाशी एक ठिपका मारून ठेवा. तो ठिपका आधीच्या वेगानेच पुढे जातो आणि जवळपास सरळ रेषेत राहतो. पाय आणि डोकं त्याच्याभोवती फिरतात. घसरणं खोटं दिसतं त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, की काढणारा अख्खं शरीर एकदम वर उचलतो. पायांना वर नेणारा जोर कुठून आला याचं उत्तर चित्रात नसतं. ठिपका जागेवर ठेवा, पाय वर गेले की डोकं आपोआप खाली येतं आणि वळण पटतं.

सहाव्या फ्रेमला शरीर आडवं, दोन्ही पाय डोक्याच्या उंचीला. इथे कायदा मोडायची जागा: ६ ते ८ फ्रेम आडवं थांबवा, चेहरा आपल्याकडे. मग ४ फ्रेममध्ये खाली, आधी बैठक टेकते. दोन फ्रेमनी हात, तीन फ्रेमनी डोकं, सगळ्यात शेवटी टोपी. सगळं एकाच फ्रेमला टेकवलं तर फळी पडली असं वाटतं.

साल दृश्यात किमान एक सेकंद आधी दिसू द्या. सुपडूचं पहिलं पाऊल तिच्या शेजारी पडू द्या आणि वांदरालाही तिच्यावरून उडी मारून जाऊ द्या. घसरणं सगळ्यांना ठाऊक आहे. कधी घसरेल हे तेवढं त्यांना कळता कामा नये.

कुडातलं भोक आणि काय टिकतं

सुपडू पऱ्हाट्यांच्या कुडातून आरपार गेला की मागे त्याच्याच आकाराचं भोक राहतं. त्याची बाह्यरेषा धडकेच्या फ्रेमवरूनच घ्या, टोपी, काठी आणि पसरलेली बोटं यांसकट. धडकेची एक फ्रेम, पुढच्याच फ्रेमला भोक तयार. भोक हळूहळू उमटवू नका. कडेने ६ ते ८ पिक्सेलची जाडी दाखवा, नाहीतर भिंतीवर काळा रंग लावल्यासारखं दिसतं. पाच-सहा काड्या उडवा आणि त्या खऱ्या हिशेबाने पाडा, १, ३, ५, ७.

काय टिकतं आणि काय पुसलं जातं, हे फिल्म सुरू करण्याआधी लिहून काढा. आमच्या मते सगळ्यात चांगलं चालतं ते असं: वस्तूंचं नुकसान कायम, शरीराचं तात्पुरतं. कुडातलं भोक शेवटच्या शॉटपर्यंत राहतं. सुपडूचं टेंगूळ पुढच्या शॉटला गेलेलं असतं. भोकही बुजलं तर जगात कशालाच किंमत नाही असं होतं. टेंगूळही राहिलं तर बघणाऱ्याला दुखायला लागतं.

भिंतीवर रंगवलेल्या बोगद्याचाही असाच जाणिवेचा कायदा आहे. तो खरा समजून धावणारा आत जातो, रंगवणारा मात्र आपटतो, कारण ते चित्र आहे हे त्याला ठाऊक असतं. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतल्या भिंतीवर हे छान बसेल.

आवाज

विहिरीच्या शॉटमध्ये सगळ्यात प्रभावी आवाज म्हणजे थांबलेला आवाज. जमिनीवर दर चौथ्या फ्रेमला पावलाचा धप् येत असतो. काठानंतरच्या पहिल्या पावलापासून तो बंद. पाय तसेच चालू आहेत आणि आवाज नाही, एवढ्यावर बघणारा सावध होतो. इथे संगीत भरू नका.

आपटण्याचा आवाज जमीन लागलेल्या फ्रेमवर किंवा एक फ्रेम नंतर ठेवा. आधी ठेवला तर चित्र मागे पडल्यासारखं वाटतं. जड धपकीसाठी धान्याचं अर्धं भरलेलं पोतं कमरेएवढ्या उंचीवरून मातीवर टाका. चपटं होण्याच्या पिचकण्यासाठी भाजलेलं भरताचं वांगं माइकजवळ मुठीत दाबा. बामणोदचं मोठं वांगं असेल तर दोन-तीन वेळा ध्वनिमुद्रण होतं. उपरणं फडफडण्यासाठी ओला पंचा झटका. खोल विहिरीतल्या धपकीत घुमारा मिसळा, पण वरच्या शॉटमधल्या “आते?” ला घुमारा देऊ नका, तिथे तो अजून उघड्यावर आहे.

तरीही बसत नसेल तर

आधी आवाज बंद करून बघा. पात्र तरंगतंय असं वाटलं तर शेवटच्या चार फ्रेमची अंतरं मोजा. ती सारखी असतील किंवा कमी होत असतील तर दोष तिथे आहे. पात्र हलकं वाटत असेल तर टेकलेली फ्रेम आणि दाबलेली फ्रेम वेगळ्या आहेत का बघा. हालचाल धक्के खात असेल तर वेगवान भागात एक चित्र दोन फ्रेम राहिलं असणार. शांत भागात तसं चालतं, पण धावणं, पडणं आणि आपटणं या जागी दर फ्रेमला नवं चित्र हवं.

सगळं बरोबर असूनही कुणी हसत नसेल तर ३६ ते ५७ या फ्रेम तपासा. मान आणि डोळे एकदम वळवले असतील तर सुपडूला कधी कळलं हे दिसत नाही. डोळे आधी, मान नंतर, मग थांबणं. थांबण्यात चार फ्रेम वाढवून बघा, मग चार कमी करून. चार फ्रेम म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, पण या एका जागी तेवढ्याने शॉट उठतो किंवा बसतो. तिन्ही प्रकार ओळीने तीन-चार जणांना दाखवा आणि ते कुठल्या फ्रेमला हसतात ते टिपा. हसू नजर खाली जाताना सुरू व्हायला हवं. ते धपकीला सुरू होत असेल तर कळण्याच्या भागाला अजून वेळ हवा आहे.

धपकीनंतर लगेच शॉट कापू नका. धूळ बसेपर्यंत २४ ते ३० फ्रेम तशाच ठेवा, नाहीतर पुढच्या शॉटची सुरुवात हसण्यात बुडते आणि वांदराने केळाची साल पुन्हा वाटेत टाकलेली कुणालाच दिसत नाही.